ठसका
सीटी विभागात चौदा वर्षं टेक्निशियन आहे, तरी त्या सकाळी हात गार पडले होते.

आजोबा पंच्याहत्तरीचे. पोटातल्या महाधमनीला आलेल्या फुग्यात तीन वर्षांपूर्वी जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली कापडी नळी, बसवलेला. १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी या सर्जननी ही वाट काढली, नाहीतर या वयात अख्खं पोट उघडावं लागलं असतं. ग्राफ्ट जागेवर होता. पण कंबरेच्या एका धमनीतून रक्त उलटं फिरून फुग्यात शिरत होतं आणि फुगा वाढतच होता. पाठीतून सुई घालून ती गळती बुजवायची ठरली. जागा चिंचोळी: इकडे मणका, तिकडे मूत्रपिंड.

कोन धरायला रोबोटचा हात होता. लोकांना वाटतं, सुई तोच टोचतो. आमचा टोचत नाही. स्कॅनवर शिरायची जागा आणि लक्ष्य ठरवलं की तो त्या कोनात येऊन थांबतो, किती खोल जायचं ते सांगतो. सुई आमच्या डॉक्टर मॅडमच ढकलतात. फुग्याची भिंत लागल्याचा अडखळा त्यांच्या बोटांनाच कळतो.

आजोबा पालथे. “आजोबा, श्वास सोडा... आता थांबा.” तीनदा सराव केला. स्कॅन झाला, प्लॅन झाला, हात येऊन थांबला आणि आजोबांना ठसका लागला. एकच. वरून काही हललेलं दिसेना. पण पाठीवर मी चिकटवलेली मार्करपट्टी मघाशी लेझरच्या लाल रेषेला लागून होती, ती आता किंचित सुटली होती.

“मॅडम, थांबा. परत स्कॅन करू या.”

रोबोटला ठाऊक होतं ते पाच मिनिटांपूर्वीचं शरीर. नव्या स्कॅनमध्ये लक्ष्य सात मिलिमीटर सरकलेलं. जुन्या कोनाने सुई मूत्रपिंडाला लागली असती. मॅडम काही बोलल्या नाहीत, नवा प्लॅन आखायला बसल्या.

या खेपेला सुईतली सळई काढताच लालभडक रक्त ठोक्याठोक्याने वर आलं. एरवी ते दिसलं की पोटात गोळा येतो, आज आम्ही सगळे त्याचीच वाट पाहत होतो: सुई फुग्यात पोचल्याची ती खूण.

आजोबांना तसंच पालथं कॅथलॅबमध्ये, रक्तवाहिन्यांवर उपचार करायच्या खोलीत, नेलं. वीस मिनिटं घुसळून ठेवलेलं ऑनिक्स, गळती बुजवणारं काळं औषध, थेंबाथेंबाने आत गेलं, गळती बंद झाली.

संध्याकाळी वॉर्डात आजींनी मला गाठलं. “यांच्या तोंडाला लसणाचा वास कसा? सकाळपासून उपाशी आहेत ना?” औषध ज्या द्रवात विरघळवतात त्याचा तो वास, दोनेक दिवसांत जाईल, असं मी सांगितलं. आजोबा उताणे, गाढ झोपलेले. आजींनी त्यांची चादर नीट केली.