तुम्ही विचारलंत म्हणून : बिअरसाठी जुने पिंप चालेल का?

डिट्रॉइटच्या परिसरात घरी बिअर बनवणाऱ्या आमच्या मराठी मित्रमंडळींपैकी कोणाचाही हात जरा बसला आणि ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरची बादली अपुरी वाटू लागली, की मला हमखास एकच प्रश्न येतो : प्लास्टिकचे मोठे जुने पिंप फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवण्याचे भांडे, म्हणून वापरता येईल का, आणि त्याला तोटी कशी बसवायची? वापरता येते आणि ते उत्तम काम देते, हे माझे उत्तर आहे. मात्र तोटी बसवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. त्या पिंपात आधी काय भरलेले होते, आणि आपला हात फडक्यासह त्याच्या आतल्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोहोचतो का, या दोन गोष्टींवर बिअर चांगली होणार की वाया जाणार हे ठरते.

कायद्याचे आधी सांगून टाकतो. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये सही केलेल्या कायद्यामुळे अमेरिकेत घरच्या वापरासाठी केलेली बिअर करमुक्त झाली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलनची आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनची मर्यादा आहे, आणि ती विकता येत नाही. म्हणजे ५५ गॅलनचे पिंप एकदा भरले की एकट्या माणसाची निम्म्याहून अधिक मर्यादा एका खेपेतच संपते, म्हणून ६० ते १२० लिटरचे पिंप मला पुरेसे वाटते. पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्या नातेवाइकांना मात्र मी स्पष्ट नाही सांगतो, कारण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे.

आता पिंपाकडे वळू. त्याच्या तळाशी त्रिकोणात २ हा आकडा दिसला की पुष्कळांना हायसे वाटते. पण तो आकडा प्लास्टिक एचडीपीई, म्हणजे घट्ट, कणखर पॉलिथिलीन, या प्रकारचे आहे एवढेच सांगतो. खाद्यतेल, सिरप आणि ऑलिव्ह ज्या एचडीपीईच्या पिंपातून येतात, त्याच प्लास्टिकच्या पिंपातून साबणाचे द्रावण, आम्ले आणि कीटकनाशकेही येतात, आणि अन्नासाठी ते योग्य आहे की नाही हे त्यातला रंग, इतर मिश्रणे आणि आधीचा माल यांवरही अवलंबून असते. म्हणून ज्याच्यावर मूळ लेबल नाही, किंवा देणाऱ्याला आत काय होते ते सांगता येत नाही, असे पिंप फुकट मिळाले तरी घेऊ नये, याबाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही.

डिट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नमधल्या अरब किराणा दुकानांकडे ऑलिव्हची रिकामी पिंपे मिळू शकतात, आणि रुंद तोंड व फिरकीचे झाकण यांमुळे ती मला सर्वांत पसंत आहेत. वर फक्त दोन बुचांची भोके असलेली बंद पिंपे स्वस्त असतात खरी, पण ज्याच्या आत हात जात नाही आणि नजरही धड पोहोचत नाही, ते भांडे स्वच्छ झाले असे मानायला आधार तरी कोणता? ऑलिव्हच्या पिंपाचा एकच दोष म्हणजे वास. हिंग ठेवलेला प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी हिंगाचाच राहतो. एचडीपीईही तेलात विरघळणारे गंध असेच शोषून घेते. झाकणातली रबरी चकती तर वास सोडतच नाही, ती काढून सरळ नवी घालावी. मग पिंपात सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पावडर) घातलेले गरम पाणी रात्रभर ठेवावे, खळखळून धुवावे, साधे कोमट पाणी भरून झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडताक्षणी नाक आत घालून पाहावे. लसूण घातलेल्या लोणच्याचे पिंप या परीक्षेत बहुधा नापास होते. खाऱ्या पाण्यातल्या साध्या ऑलिव्हचे काही धुण्यांनंतर उत्तीर्ण होते. ब्लीच मात्र वापरू नये, कारण मागे राहिलेल्या क्लोरीनमुळे बिअरला औषधी वास लागतो. आत घासणी किंवा ताठ ब्रश तर मुळीच घालू नये. त्याने पडलेल्या बारीक चरांत जंतू घर करतात आणि तिथवर निर्जंतुक करणारे द्रावण नीट पोहोचत नाही.

तोटीविषयी विचाराल तर मी ती शक्यतो बसवतच नाही. भरण्यापूर्वीच पिंप भक्कम चौथऱ्यावर ठेवतो आणि शेवटी नळीने बिअर खाली उतरवून घेतो. शंभर लिटरचे भरलेले पिंप शंभर किलोहून जड असते, ते नंतर हलवायचे म्हटले तर तळाचा गाळ ढवळलाच म्हणून समजा. तोटी हवीच असेल, तर गाळाच्या थराच्या वर, तळापासून पाच-सहा सेंटिमीटरवर, पायऱ्यापायऱ्यांच्या ड्रिल बिटने सावकाश भोक पाडावे, कडेचा कीस सुरीने काढावा आणि आतबाहेर घट्ट आवळता येणारी स्टीलची जोडणी सिलिकॉनच्या वॉशरसह बसवावी. एचडीपीईला सहसा कोणताही गोंद धरत नाही, त्यामुळे गळती थांबवायची ती आवळूनच. पाणी भरून पूर्ण दिवस ठेवावे आणि प्रत्येक खेपेनंतर तोटी सुटी करून धुवावी.

मोठ्या पिंपाचा खरा कस उष्णतेत लागतो, आणि याविषयी कोणी विचारत नाही याचे मला वाईट वाटते. यीस्ट साखर खाते तेव्हा उष्णता निघते. शंभर लिटर साध्या बिअरमधली ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर द्रवाचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढेल. लहान बादली आपोआप निवते, पिंपाचा गाभा निवत नाही, आणि तिथे तापलेले यीस्ट बिअरला उग्र चव देते. त्यामुळे आतल्या द्रवाचेच तापमान मोजावे, यीस्ट १७-१८ अंशांवर घालावे आणि उन्हाळ्यात थंड पाणी खेळवणारी स्टीलची गुंडाळी आत सोडावी. यीस्टही हात राखून घालू नये. कोरडे असेल तर शंभर लिटरला ५० ते ८० ग्रॅम लागते. उकळता वर्ट, म्हणजे यीस्ट घालण्यापूर्वीचा माल्टचा गोड रस, थेट पिंपात ओतू नये, कारण इतक्या वजनाखाली तापलेले प्लास्टिक फुगते आणि भाजण्याचा धोका फार मोठा असतो.

वायूचेही भान ठेवावे. पाच टक्के अल्कोहोलच्या शंभर लिटर बिअरमागे सुमारे ४ किलो, म्हणजे जवळजवळ २००० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि जड असल्याने तो तळघरात खाली साचू शकतो. खिडकी उघडी ठेवावी, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या पिंपात डोके घालून वाकू नये. पहिले काही दिवस झाकणावर लहान एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची छोटी झडप) जाड नळी लावून तिचे टोक पाण्याच्या बादलीत सोडावे. एअरलॉक फेसाने तुंबला तर झाकणावर जो दाब येतो, तो सोसायला ही पिंपे बनवलेली नसतात.

आतल्या भिंतीवरून बोट फिरवताना चर नखाला लागू लागले, की त्या पिंपाची बिअरसाठीची नोकरी संपली असे समजावे आणि ते बागेत पावसाचे पाणी साठवायला द्यावे.