कौखाओमाइ: एका शब्दाने घेतलेले चार महिने

थिऑलॉजीच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी एक शब्द-अभ्यास लिहून द्यावा लागतो. नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातला, एक ग्रीक शब्द घ्यायचा आणि तो जिथे जिथे आलाय तिथे त्याचा अर्थ काय, हे मांडायचं. बाकीचे पेपर कसे गेले ते आज आठवतही नाही. हा एक मात्र दोनदा परत आला, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

मी घेतला होता कौखाओमाइ. कोशात पहिला अर्थ बढाई मारणे. हाच शब्द घेण्याला कारण होतं. वडील गेले त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी घरी येऊन रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला होता. आपण संकटांचाही अभिमान बाळगतो, असं त्या पत्राचा लेखक पौल तिथे म्हणतो. संकट सोसावं, संकटात धीर धरावा, हे कळतं. पण संकटाचा अभिमान? त्या दिवशी ते मनात टोचलं, ते तसंच राहिलं होतं.

पहिल्या खेपेला मी वचनांचे दोन गट केले, चांगला अभिमान आणि वाईट बढाई. सात आठवड्यांनी वही परत आली. वर लाल शाईत एवढंच: 'अर्थ अपुरा. पुन्हा लिहा.' फोन केला की सर बाहेर आहेत. दुसऱ्या खेपेला आणखी दोन कोश चाळून अर्थांची यादी वाढवली. पाच आठवड्यांनी तोच शेरा, तीच लाल शाई. नोकरी आणि घर सांभाळून रात्री अकरानंतर लिहिणाऱ्या माणसाला नेमकं कुठे चुकलं हे एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

चूक मलाच शोधावी लागली. रोम ३:२७ मध्ये, म्हणजे त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या सत्ताविसाव्या वचनात, पौल विचारतो, मग कौखेसिस, म्हणजे बढाई, कुठे राहिली? आणि स्वतःच उत्तर देतो, ती बाहेर घालवली गेली. दोन अध्याय पुढे गेलं की तोच माणूस त्याच धातूचं क्रियापद स्वतःसाठी वापरतो, तेही तीनदा: ५:२, ५:३ आणि ५:११. बाहेर घालवलेली गोष्ट आत आली कशी? किंग जेम्स बायबलने या तीन जागी तीन वेगळी क्रियापदं घातली आहेत, एकदा आनंद करणं, एकदा गौरव मानणं, एकदा हर्ष करणं. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला हा एकच शब्द आहे याचा पत्ताही लागत नाही. आपल्या मराठीतही कुठे अभिमान, कुठे प्रौढी, कुठे आढ्यता. उलट करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या प्रीतीच्या अध्यायात, १ करिंथ १३:४ मध्ये, 'बढाई मारत नाही' असं आहे, तिथला ग्रीक शब्द पूर्ण वेगळा आहे, पेर्पेरेउओमाइ, आणि तो नव्या करारात तेवढा एकदाच येतो. मी पहिल्या खेपेला ते वचनही माझ्या यादीत घातलं होतं. म्हणून सांगते, मराठी शब्द धरून शोधायला जाऊ नका. बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या शब्दसूचीतले २७४४, २७४५ आणि २७४६ हे तिन्ही क्रमांक एकत्र बघा: क्रियापद, आणि कौखेमा व कौखेसिस ही त्याची दोन नामं.

व्याकरणानेही अडवलं. ५:२ मधलं कौखोमेथा हे रूप 'आपण अभिमान बाळगतो' असंही वाचता येतं आणि 'बाळगू या' असंही. आतला 'आ' पुढच्या स्वरात मिसळला की दोन्ही रूपं अक्षरशः सारखी दिसतात. त्यात माझे चार दिवस गेले, आणि मूळ प्रश्न जागच्या जागी राहिला.

शेवटी दोनशे पानी वही घेतली आणि सगळी वचनं हाताने उतरवली. साठेक जागा आहेत. शुभवर्तमानांत एकही नाही. याकोबाच्या पत्रातल्या तीन आणि इब्री लोकांस पत्रातली एक सोडली तर सगळ्या पौलाच्या नावाच्या पत्रांत, त्यातही जवळजवळ निम्म्या दुसऱ्या करिंथमध्ये. डाव्या रकान्यात वचन, उजव्या रकान्यात त्या शब्दाला लागून काय आलंय ते. तिसऱ्या रात्री उजवा रकाना नुसता वरून खाली वाचला. रोम २:१७ मध्ये यहुदी माणसाला पौल म्हणतो, तू नियमशास्त्रावर टेकून राहतोस आणि देवाचा अभिमान मिरवतोस. टेकणं आणि कौखाओमाइ शेजारी-शेजारी. फिलिप्पै ३:३ मध्ये ख्रिस्त येशूविषयी अभिमान, आणि लगेच पुढे, देहावर भरवसा न ठेवणारे. पुन्हा भरवसा. कोशांनी मला तोंडून निघणारा आवाज सांगितला होता. माणूस कशावर भार टाकून तो काढतो, हे या रकान्यात होतं.

आपल्याकडे विचारतात ना, 'कुणाच्या जोरावर एवढा बोलतोस?' हा शब्द त्या 'जोरावर'चा आहे. म्हणून तो चांगलाही नाही आणि वाईटही नाही. जोर स्वतःच्या कर्मांचा असेल तर ३:२७ लागू. जोर देवाचा असेल तर ५:११. आणि संकटं? ५:३ नंतर पौल साखळीच लावतो: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील, त्यातून आशा, आणि आशा लाजवत नाही. ज्याचा आधार काढून घेतला, त्याच्या पायाखाली काय उरतं ते तिथे दिसतं. वडिलांच्या त्या आठवड्यातलं वचन मला त्या रात्री पहिल्यांदा वाचता आलं. मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले.

मग दुसऱ्या करिंथचा अकरावा अध्याय उलगडला. विरोधक आपापल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगतायत, म्हणून पौलही यादी देतो. पण यादी कसली, तर पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीन वेळा फुटलेलं तारू. आणि अगदी शेवटी दमास्कस. अरीतास राजाचा अधिकारी पकडायला टपलेला, आणि पौल पाटीत बसून भिंतीतल्या खिडकीतून खाली सोडला जातोय. पळून गेल्याची गोष्ट तो आपल्या प्रौढीच्या यादीत शेवटी ठेवतो. पुढच्याच अध्यायात, १२:९ मध्ये, अशक्तपणाविषयीची प्रौढी तो आनंदाने पत्करतो.

तिसरी खेप मी याच रकान्यांवरून लिहिली. तीन आठवड्यांत उत्तीर्ण. आधीच्या शेऱ्यांबद्दल तेव्हाही अवाक्षर नाही. पण वही माझी आहे आणि उजवा रकाना मी भरलाय, याचं समाधान मोठं आहे.

एक सांगायचं राहिलं. शब्दाला जोडून येणारे छोटे शब्द, एन, एपी, हुपेर, वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. हुपेर आलं की पौल बहुधा दुसऱ्या कुणाबद्दल अभिमानाने बोलत असतो, जसं २ करिंथ ७:१४ मध्ये करिंथकरांबद्दल आपला सहकारी तीत याच्याजवळ. उच्चारावर वेळ घालवू नका, आजचे ग्रीक लोक तो वेगळाच करतात.

आणि सुरुवात पौलापासून करू नका, जुन्या करारातल्या यिर्मया ९:२३-२४ पासून करा. ज्ञान्याने ज्ञानाची, बलवानाने बळाची, श्रीमंताने संपत्तीची प्रौढी मिरवू नये, मिरवायचीच तर मला ओळखतो याची मिरवावी, असं परमेश्वर तिथे म्हणतो. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे हाच शब्द आहे, आणि १ करिंथ १:३१ मध्ये पौल तेच वचन पुढे करतो. मूळ इब्रीत तिथे जे क्रियापद आहे त्याचा धातू 'हालेलूया'तला आहे. मी ते वचन सगळ्यात शेवटी उघडलं.