गिलावा राहिलाय का हो?

स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या सान्स या भागात राहायला आले तेव्हा ओल्झिनेल्येस नावाच्या गल्लीतून रोज जाणं-येणं व्हायचं आणि तिथली एक बिल्डिंग मला कायम कोड्यात टाकायची. आत डोकावलं की कुठे उघड्या विटा, कुठे जुन्या रंगाचे पोपडे, मध्येच एक दार विटा लावून बुजवलेलं. मला वाटलं काम अर्धवट राहिलंय, पैसे संपले असणार, आपल्याकडे काय कमी पाहिलंय का असं. शेवटी एकदा आत जाऊन काउंटरवरच्या मुलीला मोडक्यातोडक्या कॅटलानमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, विचारलंच, गिलावा कधी होणार म्हणून. ती खो खो हसली आणि म्हणाली, काम २०१७ लाच पूर्ण झालं की!

तर ही ला ल्येअल्तात सान्सेंका. नावाचा अर्थ सान्सची निष्ठा. आज ते वस्तीचं सार्वजनिक केंद्र आहे, नाटकाच्या तालमी, नाच, मीटिंगा सगळं चालतं. पण मुळात हे होतं चक्क किराणा दुकान.

सान्स आता बार्सिलोनाचा भाग असलं तरी १८९७ पर्यंत ते वेगळं गाव होतं, आणि गाव कसलं, गिरणगावच. वाफेच्या इंजिनवर चालणाऱ्या गिरणीला इथले लोक सरळ 'वापोर' म्हणजे वाफच म्हणायचे. त्यातली वापोर व्येल्य म्हणजे 'जुनी वाफ', तिथे आता लायब्ररी आहे, मी पुस्तकं तिथूनच आणते. पगार तुटपुंजे, दुकानदार भाव लावेल तो, मग कामगारांनी १८९२ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली, सगळ्यांचं सामान एकत्र घाऊक घ्यायचं आणि सभासदांना रास्त भावात द्यायचं. आपल्या नायगावच्या कामगारांनी १९४८ ला अपना बाजार सुरू केला ना, तोच विचार, फक्त पन्नासेक वर्षं आधी. पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. कॅटलोनियातल्या, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे तिथल्या, या संस्था उरलेला नफा नुसता वाटून टाकत नसत, त्यातून आजारपणाचा फंड, शाळा, वाचनालय, नाटकाचा हॉल असं सगळं उभं करायच्या. म्हणजे तेल-डाळ घ्यायला गेलेला माणूस वरच्या मजल्यावर नाटक बघून घरी यायचा!

सध्याची बिल्डिंग १९२८ ची, आर्किटेक्ट जुझेप आलेमान्य. पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं, १९३९ मध्ये हुकूमशहा फ्रँको जिंकला आणि कामगारांच्या असल्या संस्थांचं जे व्हायचं तेच हिचं झालं. जागा हातची गेली. नंतर तिथे नाताळच्या मिठाईचा कारखाना निघाला, मग डान्स हॉल, आणि ऐंशीचं दशक संपता संपता कुलूप. कबुतरं आणि गळकं छत. आजूबाजूच्या लोकांनी मात्र पिच्छा सोडला नाही, ही जागा वस्तीची आहे, वस्तीला परत द्या म्हणून महापालिकेच्या मागे लागले, आणि शेवटी जवळच्या सबाडेल शहरातल्या हार्कितेक्तेस या आर्किटेक्ट फर्मला काम मिळालं.

त्यांनी काय केलं, तर जितकं पाडायला हवं तितकंच पाडलं. बिल्डिंग मुळात एकाला एक चिकटलेल्या भागांची, त्यांच्या मधे आता छतापर्यंत मोकळी जागा आहे, वाड्याच्या चौकासारखी, फक्त वर आभाळाऐवजी पॉलिकार्बोनेट, म्हणजे उजेड आत सोडणारं प्लॅस्टिक. हो, आपण गच्चीवर शेड टाकतो तेच! मीही आधी नाक मुरडलं होतं. पण सकाळी अकराच्या सुमाराला तिथे उभं राहा, ऊन गाळून आल्यासारखा दुधाळ उजेड खाली उतरतो आणि त्या खरबरीत भिंती अगदी मऊ दिसायला लागतात. थंडीत हा चौक उन्हाने आपोआप थोडा ऊबदार होतो, उन्हाळ्यात गरम हवा वर चढून बाहेर जाते, त्यामुळे हीटर-एसी फक्त खोल्यांपुरता. चौकात जानेवारीत जॅकेट काढायचं नाही, एवढं कळलं की झालं.

आणि त्या भिंती! एका ठिकाणी पाडलेल्या जिन्याची खूण तशीच ठेवलीये, पायरी पायरीने वर चढत जाणारी रंगाची रेघ, वर पोचते आणि हवेत संपते. गिलावा मारला असता तर कोणाला कळलं असतं इथून माणसं चढत होती? नवीन काम नवीनच दिसतं, जुन्याची नक्कल केलेली नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडे वाडा दुरुस्त करायचा म्हणजे एकतर पाडून टॉवर नाहीतर सगळीकडे गुळगुळीत पीओपी आणि वर 'हेरिटेज'ची पाटी. असो, माहेरच्या वाड्याचा राग इथे काढत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, एकदा माझ्यासोबत आल्या होत्या. भिंती बघून त्यांनीही तोंड वाकडं केलं, एवढे पैसे खर्च केले तर रंग तरी द्यायचा होता म्हणाल्या. मग आम्ही वरच्या हॉलमध्ये गेलो, तिथे कुठल्यातरी ग्रुपची तालीम चालू होती. आजींनी काठी माझ्या हातात दिली, बुटाने जमीन दोनदा ठोकून पाहिली आणि म्हणाल्या, आम्ही नाचायचो तेव्हा ही बरी हलायची.