बँकेत आलेले पैसे म्हणजे विक्री नव्हे

ऑनलाइन माल विकणाऱ्यांना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कमच विक्री म्हणून दाखवणं. समजा मिक्सर २,३६० रुपयांना विकला, त्यात १८ टक्के जीएसटी. शॉपिंग पोर्टलने कमिशन, कुरिअर कापून हातात कितीही येवो, जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात) विक्री २,००० आणि कर ३६० असाच जातो. कमिशनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) वेगळं घ्यायचं, त्यासाठी जीएसटीआर-२बी, म्हणजे मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, तपासा.

यातच शॉपिंग पोर्टल आणखी दोन कपाती करतं. जीएसटीचा टीसीएस (पोर्टलने तुमच्या नावे कापून भरलेला कर) १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, म्हणजे इथे २,००० वर १० रुपये. तो आपोआप मिळत नाही! जीएसटीच्या साइटवर ‘टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट’मध्ये जाऊन स्वीकारावा लागतो, तेव्हाच कॅश लेजरमध्ये, म्हणजे कर भरायच्या तुमच्या जीएसटी खात्यात, येतो. कित्येकांचे पैसे तिथेच पडून असतात, याचं खरंच वाईट वाटतं. दुसरी कपात, आयकराचा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर), १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. तो फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा आयकराच्या उताऱ्यात, दिसतो आणि आयकर विवरणपत्रात मागायचा.

माल परत आला की क्रेडिट नोट (विक्री कमी दाखवणारी पावती) लगेच काढा. नाहीतर तुमचा आकडा आणि शॉपिंग पोर्टलने भरलेलं टीसीएसचं विवरणपत्र, जीएसटीआर-८, जुळत नाही, आणि नोटीस येऊ शकते.