हो सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीचा निरोप आला, "तरुणांना मार्गदर्शनपर काहीतरी लिही." मी 1991 च्या दहावीच्या बॅचचा. मार्गदर्शन करावं असं माझ्या हातून फार काही घडलेलं नाही. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मिलिंग सेक्शन बघतो, पगार वेळेवर होतो, मुलगी शिकते आहे. पण शाळेत मी एक गोष्ट इतकी पक्की शिकलो, की ती सुटायला पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली. ती गोष्ट म्हणजे "हो सर".

आठवून बघा. सर फळ्यावर उदाहरण सोडवायचे, हाताची खडूची भुकटी झटकायचे आणि वळून विचारायचे, "समजलं का?" की पन्नास गळ्यांतून एका सुरात, लांबवलेलं, "होऽऽ सर!" ज्यांना समजलेलं नसायचं ते जरा जास्तच जोरात ओरडायचे. मी त्यांतला.

वर्गात एकच मुलगी विचारायची. तिचं नाव लिहीत नाही, पण आम्ही तिला शंकासूर म्हणायचो, त्यावरून बॅचवाले ओळखतील. आठवीत की नववीत चक्रवाढ व्याज चाललं होतं. मुद्दल, दर, मुदत, रास. ही उठून म्हणाली, "सर, पण व्याजावर व्याज खरंच देतं कोण?" वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "पोस्टात जाऊन विचार."

ती खरंच गेली. सोमवारी येऊन उभी. "सर, किसान विकास पत्रात साडेपाच वर्षांत दुप्पट होतात. पण म्हणजे दर किती, ते पोस्टमास्तरांना सांगता येईना." सरांनी कपाटातून लॉगटेबल काढलं. 2 चा लॉग 0.3010, त्याला 5.5 ने भाग, उत्तराचा अँटिलॉग. दर निघाला 13.4 टक्क्यांच्या आसपास. सर इतके रंगले की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकूच गेली नाही. आम्ही कुणी ते वहीत उतरवलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, "सर, हे परीक्षेला आहे का?" नव्हतं.

दहावीनंतर आयटीआय, मशिनिस्ट ट्रेड, मग अप्रेंटिसशिप आणि 1996 ला पहिली पक्की नोकरी. तिथला एक प्रसंग सांगतो. रात्रपाळी होती. फोरमननी एक ड्रॉइंग हातात दिलं, बिडाचे चाळीस जॉब, म्हणजे सुटे भाग, प्रत्येकाला एका बाजूला खाच पाडायची. घाईत दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, "समजलं का?" मी काय म्हणालो असेन ते तुम्हाला ठाऊक आहे. फक्त सरांच्या जागी साहेब आले होते.

आपल्याकडे आयटीआयमध्ये ड्रॉइंग काढायची फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात. म्हणजे वस्तू उजवीकडून जशी दिसते ते चित्र डावीकडे काढायचं. अमेरिकेकडच्या ड्रॉइंगांत उजवीकडचं चित्र उजवीकडेच असतं, तो थर्ड अँगल. कुठला आहे ते कोपऱ्यातल्या खुणेवरून कळतं, एक कापलेला शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. ते ड्रॉइंग परदेशी गिऱ्हाइकाचं होतं. कोपऱ्यातली ती खूण नेहमीसारखी दिसत नव्हती, हे मला रात्री अकरालाच जाणवलं होतं. शेजारच्या मशीनवर वीस वर्षं काम केलेला माणूस उभा होता. त्याला विचारायला पाच पावलं चालावं लागलं असतं. नाही विचारलं. सकाळी सात वाजेपर्यंत चाळीसच्या चाळीस जॉबना खाच पाडून झाली, उजवीकडे पाहिजे होती ती डावीकडे. माप मात्र एकदम बरोबर. सगळे भंगारात गेले.

त्या रात्रीनंतर शहाणा झालो असं लिहायला आवडलं असतं. मशीनवर झालो थोडा. ऑफिसात नाही झालो.

2003 ला ती नोकरी सोडली. क्लार्कने दोन फॉर्म पुढे सरकवले, प्रॉव्हिडंट फंड काढायचा 19 नंबरचा आणि पेन्शनचे पैसे काढायचा 10-सी. "फंड आणि पेन्शन, दोन्ही काढायचंय ना? इथे सही, इथे सही." हो साहेब. जुना फंड नव्या कंपनीत वर्ग करून घ्यायचा 13 नंबरचा फॉर्म असतो, हे ना त्याने सांगितलं, ना मी विचारलं. फंडाचे 64,000 रुपये आले. त्यातून गावच्या घरावर पत्रा चढला. त्याची मला खंत नाही. आमच्या माण तालुक्यात पाऊस तो किती, पण जो पडायचा तो थेट आईच्या चुलीत पडायचा. 2010 ला दुसरी नोकरी सोडताना मात्र घर गळत नव्हतं. तरी त्याच दोन सह्या केल्या आणि त्या पैशांची मोटरसायकल घेतली. ती आता चालत नाही.

निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याने चार-पाच वर्षांपूर्वी डबा खाताना सहज विचारलं, "तुझी पेन्शन किती बसेल?" मी सगळं सांगितलं तसा तो घास हातात धरून बघतच राहिला. "10-सी पण भरलास?" मग त्याने गेटपासच्या मागे हिशेब मांडून दाखवला. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. सप्टेंबर 2014 च्या आधीच्या वर्षांना पगार जास्तीत जास्त 6,500 धरतात. माझी दोन नोकऱ्यांची मिळून 14 वर्षं. 6,500 गुणिले 14 भागिले 70, म्हणजे 1,300. 58 व्या वर्षापासून दरमहा 1,300 रुपये, मी जगेन तोवर, आणि माझ्यामागे बायकोला त्यातला हिस्सा. रक्कम काही मोठी नाही. गाव विकत घ्यायला निघालो नव्हतो मी.

फंडाचा हिशेब मी अलीकडे घरी एकट्याने केला. पहिले 64,000 तिथेच राहिले असते तर? या वर्षांत फंडाचं व्याज 8.1 टक्क्यांच्या खाली गेलेलं नाही. मी आठच धरलं, मुदत 22 वर्षं. रास साडेतीन लाखांच्या घरात निघाली. तेव्हा लॉगटेबल आठवलं, आणि शंकासूरही. तिचा प्रश्न आमच्यातल्या प्रत्येकाच्या पगाराच्या पावतीशी संबंधित होता आणि आम्ही हसलो होतो. 2010 नंतरचा फंड मी हलवलेला नाही, त्यामुळे थोडीफार पेन्शन बसेल. पण बाई, सुवर्णमहोत्सवाला येणार असशील तर भेट. माझ्याकडून एक चहा लागतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक ट्रेनी लागला, दहिवडीकडचा. बोलताना कळलं, आपल्याच शाळेचा. त्याला थर्ड अँगलचं ड्रॉइंग समजावून सांगितलं आणि सवयीने तोंडातून गेलंच, "समजलं का?"

"हो सर."

सूर तोच होता, लांबवलेला. मी खिशातला मार्किंगचा खडू काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "मग खाच कुठे येईल ते काढून दाखव." तो खाली बसला, थोडा वेळ विचार केला आणि फरशीवर नीट, सरळ रेघांत जॉब काढला. खाच डावीकडे.