बार्शीची माती आणि माझा मोगरा

मागच्या दिवाळीत बार्शीहून निघताना आप्पांनी डिकीत दोन पोती काळी माती टाकली. "माती काय इकत घ्यायची वस्तू हाय का!" सासऱ्यांपुढे कोण बोलणार? पुण्यात आल्यावर 12 इंची कुंडीत मी तीच निव्वळ भरली आणि मोगरा लावला.

जानेवारीत पानं पिवळी पडायला लागली. मातीला भेगा, कुंडीच्या कडेला बोट जाईल एवढी फट. पाणी घातलं की कडेनं थेट ताटलीत. झाड तहानलंय समजून आणखी ओतत राहिले. मग माती फुगली, भेगा मिटल्या आणि पाणी हलेचना. मार्चमध्ये कुंडी उलटी केली तर अख्खी वीट निघाली. मुळं काळी, वास कुजका.

मातीचा दोष नाही. ती ओल इतकी धरते की पाऊस सरल्यावर पेरलेला शाळू तिच्यावर पिकतो. पण शेतात पाण्याला खाली जायला वाट असते, कुंडीत जेमतेम फूटभर खोली. शेजारच्या काकू म्हणाल्या, तळाला खडी घाल. घातली होती की! बारीक मातीतलं पाणी खडीत सहजी उतरत नाही, वरच अडून बसतं. मुळांची जागा तेवढी जाते. आता भोकावर एक खापरी, बास.

सध्या एक घमेलं आप्पांची माती (टाकवत नाही हो), दोन घमेली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक गांडूळखत, एक विटांचा जाडसर चुरा आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट भिजवली की बादली भरते. ते दोन-तीनदा धुऊन पिळून घेते, त्यात क्षार असतात. वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं, म्हणून बोट खुपसल्याशिवाय पाणी नाही. शेणखत बंद केलंय. एकदा अर्धकच्चं आणलं, त्यातून हुमणीच्या पांढऱ्या जाडजूड अळ्या निघाल्या आणि त्यांनी गुलाबाची मुळं फस्त केली.

मिश्रण ओलसर करून मूठ दाबते. गोळा व्हायला हवा, पण बोटानं टोचला की फुटायला हवा. वळल्यासारखा घट्ट राहिला तर अजून चुरा.

मे महिन्यात नवा मोगरा लावला, त्याला कळ्या धरल्यात. दीड पोतं अजून गॅलरीत आहे. काल आप्पांचा फोन होता, यंदा तीन पोती भरून ठेवलीत म्हणे.