पूल ओलांडला की बंदुकीचा कायदा बदलतो

अमेरिकेतल्या न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या मध्ये डेलावेअर नदी आहे. इथले कितीतरी मराठी लोक रोज पूल ओलांडून नोकरीला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. टोल सोडला तर फरक काहीच जाणवत नाही. पण गाडीत पिस्तूल असेल, तर अलीकडे जे कायदेशीर ते पलीकडे तुरुंगात नेणारं ठरू शकतं.

ऑक्टोबर २०१३ मधलं एक प्रकरण इथे अजून आठवलं जातं. फिलाडेल्फियाची एक तरुणी, दोन मुलांची आई. पेनसिल्व्हेनियाचा पिस्तूल बाळगायचा रीतसर परवाना तिच्याकडे होता, पूर्वीचा एकही गुन्हा नव्हता. न्यू जर्सीतल्या अटलांटिक काउंटीत वाहतूक पोलिसांनी गाडी थांबवली, तेव्हा पिस्तूल आणि परवाना दोन्ही आपल्याजवळ असल्याचं तिने स्वतःहून सांगितलं. न्यू जर्सी दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली. इथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा ५ ते १० वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि ‘ग्रेव्ह्ज ॲक्ट’मुळे त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय काढावे लागतात.

खूप आरडाओरडा झाला. परराज्यातल्या परवानाधारकांशी कसं वागायचं याबद्दल सरकारी वकिलांना नव्या सूचना निघाल्या, तिची तुरुंगवारी टळली, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला पूर्ण माफी दिली. मला कडक कायदा हवाच आहे. बंदुकीने होणारे मृत्यू ज्या राज्यांत सर्वांत कमी आहेत त्यांत न्यू जर्सी येतं, आणि माझी मुलं इथल्या शाळेत जातात. पण खरं बोलणाऱ्या बाईला आणि दरोडेखोराला एकाच तराजूत तोलायला लावणारी सक्तीची शिक्षा मला पटत नाही. न्यायाधीशाचे हातच बांधले तर समोर कोण उभं आहे हे बघायचं कुणी?

आपल्याकडे परवान्यावर हद्द लिहिलेली असते, तरी १९५९ चा शस्त्र कायदा देशभर एकच. इथे पेनसिल्व्हेनियात पिस्तूल उघडपणे कमरेला लावून फिरायला बहुतेक ठिकाणी परवानाही लागत नाही. न्यू जर्सीत मात्र प्रत्येक पिस्तूल विकत घेण्यासाठी पोलिसांची वेगळी परवानगी लागते, आणि छऱ्यांची एअरगनसुद्धा कायद्याने बंदूकच. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परवाने मिळणं सोपं झालं, पण परराज्याचा परवाना इथे अजूनही चालत नाही. वाटेत एखादं कडक राज्य लागणार असेल, तर १९८६ च्या केंद्रीय कायद्याचा आधार असतो: बंदूक रिकामी, ती आणि गोळ्या दोन्ही डिक्कीत, आणि निघतो तिथे व पोचतो तिथे दोन्हीकडे ती बाळगायला मुभा हवी.

हे झालं राज्यांचं. आपल्या मुलांना खरा धोका आहे तो व्हिसाचा, आणि याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून हा लेख.

पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात मासेमारीच्या गळांना लागूनच रायफलींचा काउंटर आहे. खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारतात: तुम्ही अ-स्थलांतरित, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आला आहात का? एच-वन-बी आणि विद्यार्थी व्हिसा त्यातच येतात. अशा माणसाने बंदूकच काय, गोळ्याही जवळ ठेवायच्या नाहीत. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. त्यासारखे काही मोजके अपवाद आहेत. एरवी १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि ‘जवळ ठेवणं’ म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याचं कमी गुणांमुळे कॉलेज सुटलं, त्यामुळे व्हिसाही गेला. नंतर तो शूटिंग रेंजवर गेला आणि तिथे गोळ्या झाडल्या. एवढ्यावर खटला झाला, १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण आपण बेकायदा राहतोय हे त्याला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध करायला हवं होतं. पण आपल्या मुलांना स्वतःचा व्हिसा झोपेतही पाठ असतो. ही सबब त्यांना कुठून मिळणार? ऑफिसातले मित्र शनिवारी रेंजवर चला म्हणाले, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.

ग्रीनकार्डवाल्यांना बंदूक घेता येते. पण बेकायदा बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर ग्रीनकार्ड असूनही देशाबाहेर काढू शकतात. म्हणून फौजदारी वकील ‘थोडक्यात मिटवून टाकू, गुन्हा कबूल कर’ म्हणाला, तर सही करण्याआधी त्या कबुलीचा व्हिसावर काय परिणाम होईल हे विचाराच. हे सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवून दिलं आहे.

सुट्टीत भारतात येणाऱ्यांनीही रेंजवर नेलेली सॅक घेऊन निघू नये. कोपऱ्यात राहिलेलं एखादं जिवंत काडतूस भारतातल्या विमानतळावरच्या यंत्रात दिसलं, की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. संजय दत्त खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असं म्हटलं होतं, आणि त्या आधारावर अशी प्रकरणं उच्च न्यायालयात रद्दही होतात. पण तोवर विमान गेलेलं असतं, रजा संपलेली असते आणि कोर्टाच्या तारखा सुरू झालेल्या असतात.